मोठ्या घोड्यांच्या कळपात छोटं तट्टू : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमच्या माळावर सात जनावरं एकत्र चरतात. शर्यतीतून निवृत्त झालेला थरोब्रेड मेजर, दोन मारवाडी घोड्या, एक काठेवाडी, धनगरवाड्यावरून आलेली दोन भीमथडी तट्टं आणि चंपा. चंपाची उंची ४० इंच. ती मेजरच्या पलीकडे उभी राहिली की अलीकडून मेजरला आठ पाय असल्यासारखं दिसतं. पाहायला येणारा प्रत्येकजण तिच्याबद्दल तेच प्रश्न विचारतो, आणि उत्तर ऐकून निम्मे लोक विश्वास ठेवत नाहीत. म्हणून एकदा सगळं लिहून ठेवलं.

इतकं छोटं तट्टू मोठ्या घोड्यांत ठेवता येतं का?

येतं. घोडा हा कळपाचा प्राणी आहे. एकटं तट्टू दावणीला सुरक्षित दिसतं, पण ते दिवसभर खिंकाळत राहतं, नाहीतर लाकूड कुरतडत बसतं. त्यापेक्षा चार मोठ्या घोड्यांची संगत बरी.

मात्र लोक घाबरतात लाथेला, आणि तट्टाला नडतं ते मोठ्यांचं जेवण. मेजरच्या अंगाला जे लागत नाही त्याच्या चौथाईत चंपा फुगते. लाथ लागली तर त्याच दिवशी कळतं. चाऱ्याचं दुखणं सहा महिने आत शिजत असतं आणि आपण मात्र ‘काय गुबगुबीत झालीय!’ म्हणून कौतुक करत असतो. या पानावर चाऱ्याबद्दल जास्त लिहिलंय ते म्हणूनच.

तट्टू म्हणायचं कशाला? किती उंचीपर्यंत?

जगभर साधारण ५८ इंचांपर्यंतच्या घोड्याला पोनी धरतात. मोजायचं ते डोक्यापर्यंत नाही, आयाळ संपून पाठ सुरू होते त्या उंचवट्यापर्यंत, आणि जमीन सपाट हवी. बाजारात बरेचदा घोडा चढावर उभा केलेला असतो, पुढचे पाय वर आणि मागचे खाली. दोन इंच फुकटात वाढतात.

या हिशेबाने आपली बरीच देशी जनावरं पोनीतच बसतात. मणिपुरी, स्पिती, झंस्करी ही तर सरळ तट्टंच. भीमथडीही अंगाने आटोपशीर. मेंढपाळांचा संसार पाठीवर घेऊन घाट चढणारं हे तट्टू आता देशी जात म्हणून नोंदलं गेलं आहे. पण या पानावर ‘छोटं’ म्हणजे त्याहूनही छोटं, कमरेएवढं. शेटलँड जातीची कमाल उंची ४२ इंच धरतात, त्या मापाचं. शेजारी ६४ इंचांचा थरोब्रेड उभा केलात की प्रश्न आपोआप समजतो.

मोठे घोडे त्याला मारणार नाहीत का?

मारतील. तेही मारेल. कळपात कोण कुणाला हटवतो हे उंचीवर ठरत नाही. वय, कळपात किती दिवस काढलेत आणि स्वभाव, यावर ठरतं. आमच्याकडे पाण्याच्या हौदावर पहिला मान चंपाचा. ती कान मागे पाडते, तोंड जरा पुढे काढते आणि पाचशे किलोंचा मेजर चार पावलं मागे सरकतो. हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं त्याला माशी चावली असेल. ‘अडेलतट्टू’ हा शब्द उगाच नाही आला. घोड्यांच्या जगात तट्टाची ही ख्याती जुनी आहे.

तरीही उंचीतल्या फरकाचा एक धोका खरा आहे, तो समजून घ्या. दोन सारख्या घोड्यांची लाथ एकमेकांच्या पुठ्ठ्यावर नाहीतर मांडीवर बसते, तिथे मांस भरपूर असतं. मोठ्या घोड्याने झाडलेली दुगाणी तट्टाच्या बरगडीवर, जबड्यावर किंवा डोळ्याजवळ बसते. उलट तट्टाची लाथ मोठ्याच्या गुडघ्यावर नाहीतर नळीच्या हाडावर लागते, आणि तिथे कातडीखाली लगेच हाड असतं. आमच्याकडची एकमेव मोठी जखम अशीच झाली. जखमी झाली मारवाडी घोडी, आणि आरोपी चंपा. तीन आठवडे घोडी लंगडत होती.

यावर उपाय एकच आणि स्वस्त: एकत्र सोडायच्या जनावरांच्या मागच्या पायांचे नाल काढा. डांबरी रस्त्यावर रोज चालणारा घोडा असेल आणि नाल काढणं शक्य नसेल, तर त्याला छोट्या तट्टाबरोबर मोकळं सोडू नका. उघड्या खुराची लाथ आणि नालाची लाथ यांत मुका मार आणि मोडलेलं हाड एवढं अंतर असतं.

नवीन तट्टू आणलंय. आजच सोडू का?

नको. आज नको, उद्याही नको.

सारंगखेड्याला दत्तजयंतीच्या यात्रेत किंवा नांदेडकडच्या माळेगावला खंडोबाच्या यात्रेत देशभरातून जनावरं येतात, एका दोरीला पन्नास ठिकाणची. तिथून आणलेलं जनावर निदान तीन आठवडे वेगळं बांधा. पाण्याची बादली वेगळी, खराऱ्याचा ब्रश वेगळा, तोबरा (दाणा खायला तोंडाला बांधायची पिशवी) वेगळा. त्याचं काम दिवसाच्या शेवटी करा. नाकातून शेंबूड, जबड्याखाली गाठी, ताप, यांवर लक्ष ठेवा. स्ट्रँगल्स हा घोड्यांचा सांसर्गिक आजार बहुतेक वेळा याच मुदतीत उघडा पडतो.

ग्लँडर्सची तपासणी केल्याशिवाय तर कळपात घेऊच नका. हा रोग माणसालाही होतो. त्यावर उपचार करायला परवानगी नाही, आणि जनावर बाधित निघालं तर कायद्याने त्याला दयामरण द्यावं लागतं. रक्ताचा नमुना पशुवैद्यकामार्फत जातो. हिसारचं राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्र यासाठीच ओळखलं जातं. विकणारा म्हणेल, ‘कागद आहेत ना साहेब.’ कागदावरची तारीख बघा, आणि कागदातलं वर्णन जनावराशी जुळतं का तेही बघा. कपाळावरचा टिळा, पायांचे पांढरे मोजे, भोवरे, सगळं. धनुर्वाताची लस याच मुदतीत टोचून घ्या.

तीन आठवडे झाले की मधे कुंपण ठेवून शेजारच्या वाड्यात सोडा. नाकाला नाक लावू दे. किंचाळणं, पुढचा पाय आपटणं, कुंपणावर लाथा हे सगळं होतं. चार-पाच दिवसांत दोन्हीकडची जनावरं कुंपणापाशी मान खाली घालून शांत चरायला लागली की पुढचं पाऊल टाका.

पुढचं पाऊल म्हणजे सगळा कळप अंगावर सोडणं नव्हे. कळपातला सगळ्यात थंड डोक्याचा घोडा निवडा आणि तेवढाच तट्टाबरोबर ठेवा, तीन-चार दिवस. मग दुसरा, मग तिसरा. जो सगळ्यांना पळवतो तो शेवटी. असं केलं की शेवटचा दादा येतो तेव्हा तट्टाला आधीच एक दोस्त असतो, आणि बहुतेक वेळा तोच मधे उभा राहतो.

वेळ सकाळची ठेवा, म्हणजे दिवसभर नजर राहते. सगळ्यांची पोटं भरलेली असू देत. खाणं समोर ठेवू नका, त्यावरूनच मारामारी होते. गळ्यात दावं किंवा तोंडात मोरकी लोंबत ठेवू नका, कशात तरी पाय अडकतो. आणि धावपळ सुरू झाली म्हणून काठी घेऊन मधे घुसू नका. पहिली वीस मिनिटं भयानक दिसतात. खाली पडून उठता येत नसेल किंवा कोपऱ्यात कोंडून सतत मार बसत असेल तरच मधे पडायचं.

जागा किती हवी?

एकराचा आकडा सगळे विचारतात. मी उलटा प्रश्न विचारतो: तुमच्या वाड्यात बंद कोपरे किती? छोटं तट्टू जोराने पळत नाही, पण वळतं झटकन. मोकळ्या जागेत मोठा घोडा त्याला पकडू शकत नाही. काटकोनी कोपऱ्यात ते अडकतं आणि लाथ खातं. कोपऱ्यात दोन वासे तिरके ठोकून कोपरा गोल करा, किंवा तिथे झाडाचा मोठा ओंडका टाका. शेडला दोन दारं हवीत. एकच दार असलेली शेड म्हणजे मांजराने अडवलेलं उंदराचं बीळ.

आमची सगळ्यात उपयोगी वस्तू दीडशे रुपयांत झाली. शेडच्या एका बाजूला गोल, तासलेला वासा ४४ इंचांवर आडवा बसवला. चंपा मान खाली घालून त्याखालून आत जाते. भीमथडी तट्टंसुद्धा बाहेरच राहतात. आत तिची गव्हाण, तिचं मीठ, तिची सावली. मोठा घोडा चिडला की ती चालत चालत आत जाते, आणि आतून त्याच्याकडे बघत चघळत बसते. वाशाला खिळ्याची टोकं किंवा धारदार कडा नको, आणि तो इतका भक्कम हवा की मोठ्याने छाती टेकली तरी हलू नये.

कुंपण कसं असावं?

मोठ्या घोड्यासाठी बांधलेल्या कुंपणात तट्टाला दारच दिसतं. सगळ्यात खालचा वासा जमिनीपासून फूटभरावर हवा. त्याहून वर ठेवलात तर ते लोळत लोळत पलीकडे जातं. हे गमतीने लिहीत नाही. चंपा बांधावर आडवी होऊन लोळली आणि उठली ती शेजाऱ्यांच्या हरभऱ्यात. हरभऱ्याचे पैसे मी दिले.

काटेरी तार कुठल्याच घोड्याला नको. विजेचं कुंपण असेल तर दोन तारा लावा. एक मोठ्यांच्या छातीच्या उंचीला, दुसरी तट्टाच्या छातीच्या. नुसत्या वरच्या तारेखालून तट्टू आरामात जातं, आणि आयाळ दाट असेल तर मानेला झटकाही जाणवत नाही.

सगळ्यांना एकाच वेळी एकच चारा घातला तर?

हाच तो घोटाळा. आकडे मांडून दाखवतो.

वजनकाटा नसेल तर टेप चालतो. पुढच्या पायांमागून छातीचा घेर सेंटिमीटरमध्ये घ्या. खांद्याच्या टोकापासून पुठ्ठ्याच्या टोकापर्यंत लांबी घ्या. घेर गुणिले घेर गुणिले लांबी, भागिले ११८८०. उत्तर अंदाजे किलोत येतं. चंपाचा घेर १२२, लांबी ११८. वजन निघतं १४८ किलो. मेजरचा घेर १८६, लांबी १६८. वजन ४८९ किलो.

काम नसलेल्या घोड्याला रोज वजनाच्या दोन टक्क्यांच्या आसपास कोरडा चारा लागतो. मेजरला पावणेदहा किलो झाले. चंपाला वजन उतरवायचं म्हणून दीड टक्का, म्हणजे सव्वादोन किलो. आता दोघांपुढे एकच ढीग टाका. मेजर निवांत चघळतो, चंपा सकाळपासून संध्याकाळपर्यंत मान वर करत नाही. तट्टांच्या पिढ्यानपिढ्या उजाड डोंगरांत आणि खडकाळ माळावर गेल्या. कमी खाऊन जगायचं आणि मिळेल तेव्हा साठवायचं हा त्यांच्या शरीराचा धर्म. आपण त्यांच्यापुढे लसूणघास टाकतो आणि वर मोठ्याच्या चंदीतला, म्हणजे दाण्याच्या खुराकातला, ओंजळभर हिस्साही देतो, कारण ते नाक फुरफुरवून मागतं.

आमची पद्धत अशी. वाळलेल्या गवताचे ढीग जनावरांपेक्षा एक-दोन जास्त घालायचे, लांब लांब. हुसकावलेल्याला लगेच दुसरा ढीग मिळतो. चंदी कुणालाच मोकळी ठेवायची नाही. ज्याला द्यायची त्याला तोबरा बांधायचा, आणि तोबरा रिकामा झाल्याशिवाय काढायचा नाही. तोबरा ही जुनी पागेतली वस्तू, पण मिश्र कळपासाठी तिच्याइतकी सोयीची गोष्ट मी पाहिली नाही. मेजर भरडलेला जव आणि हरभरा खातो, मारवाडी घोड्या त्यांचं खातात, आणि चंपाच्या तोबऱ्यात मूठभर कडबा कुट्टी, खनिज मिश्रण आणि पाण्याचा हबका. तिला वाटतं आपल्यालाही मिळालं.

पावसाळ्यात माळ हिरवा झाला की चंपाला चरायला सोडता का?

सोडतो, मुसकं बांधून. मळणीला बैलांना बांधतात तेच, फक्त घोड्याच्या तोंडाच्या मापाचं आणि तळाला एक भोक असलेलं. भोकातून गवताची टोकं येतात, म्हणजे चरायचं समाधान मिळतं आणि घास लहान राहतो. पाणी पिता आलं पाहिजे, हे आधी उभं राहून तपासा. अडकलं तर तुटेल असा पट्टा ठेवा. दिवसरात्र बांधून ठेवू नका, आणि काढलं की नाकावर घासलंय का ते बघा.

क्रूर वाटतं, मान्य. मलाही पहिल्या दिवशी वाटलं. ती कळपात मुसकं बांधून फिरते, हे मला तिला एकटीला कोरड्या वाड्यात डांबण्यापेक्षा बरं वाटतं.

तट्टू मागे झुकून उभं आहे, चालत नाही. काय झालंय?

लगेच पशुवैद्यक बोलवा. हे वाचत बसू नका, बोलावून मग वाचा.

लॅमिनायटिसची शक्यता मोठी आहे. खुराचं कवच आतल्या हाडाला ज्या पापुद्र्यांनी चिकटलेलं असतं ते सुजतात आणि सुटू लागतात. वजन पेलवत नाही म्हणून जनावर पुढचे पाय पुढे टाकतं आणि भार मागे घेतं. चंपाला झालं त्या सकाळी ती हौदापाशी अशी उभी होती, जणू कुणी तिला ढकलतंय आणि ती मागे रेलून विरोध करतेय. मोतद्दार काकांनी खुराला हात लावला आणि ‘तवा आहे’ एवढंच म्हणाले. घोट्याच्या मागे बोट ठेवलं तर नाडी ठणठण उडत होती. एरवी तिथे ती शोधावी लागते.

डॉक्टर येईपर्यंत तिला चालवू नका. जमीन मऊ करा, भरपूर भुसा किंवा वाळू टाका. खूर बर्फाच्या पाण्यात ठेवता आले तर ठेवा. चंदी, लसूणघास, हिरवं गवत बंद, पण वाळलेलं गवत चालू ठेवा. नंतर नालबंद आणि डॉक्टर एकत्र बसून खूर कसा कापायचा ते ठरवतात. आमच्याकडे पूर्ण सावरायला आठ महिने लागले, आणि त्यानंतर मी तिच्या मानेवर आठवड्यातून एकदा हात फिरवतो. आयाळीखालची चरबी कडक आणि उभी लागली, एका बाजूला कलायला लागली, की चारा कमी करायची वेळ झाली.

मग उपाशी ठेवून बारीक करतो.

अजिबात नको! लठ्ठ तट्टाला अचानक उपाशी ठेवलं की शरीर साठवलेली चरबी रक्तात सोडतं. इतकी, की यकृताला झेपत नाही. याला हायपरलिपीमिया म्हणतात, आणि यात तट्टू दगावतं. छोटी तट्टं आणि गाढवं यांना याचा धोका जास्त. गाभण किंवा दूध पाजणाऱ्या घोडीला आणखी. म्हणून चारा आठवड्या-आठवड्याने कमी करायचा, आणि रोज वजनाच्या दीड टक्क्याच्या खाली स्वतःच्या मनाने जायचं नाही. तट्टाने एक दिवसही खाणं सोडलं, मग कारण काहीही असो, तर ते मोठ्या घोड्यापेक्षा जास्त गंभीर धरा.

वाळलेलं गवत तासभर पाण्यात भिजवून, ते पाणी फेकून दिलं की त्यातली साखर थोडी कमी होते. आपल्या उन्हात भिजलेलं गवत लवकर आंबतं, तेव्हा भिजवलेलं लगेच घाला.

कडबा चालतो का? आणि नेपियर?

वाळलेला ज्वारीचा कडबा चालतो. लठ्ठ तट्टाला तर उत्तमच, पोट भरतं आणि अंगाला फार लागत नाही. जाड ताटं असतील तर कुट्टी करा आणि पाणी समोर भरपूर ठेवा, नाहीतर पोटशूळ उठतो.

हिरवी ज्वारी मात्र नको. कापणीनंतर फुटलेल्या कोवळ्या पोंग्यांनी गुरांना किराळ लागतं हे शेतकऱ्याला सांगावं लागत नाही. घोड्याला रोज हिरवी ज्वारी घातली तर वेगळंच दुखणं होतं. मूत्राशय बिघडतं, लघवी ठिबकते, मागचे पाय लुळे पडायला लागतात.

नेपियर, म्हणजे हत्ती गवत, गाईंना चालतं म्हणून लोक घोड्यांनाही भरभरून घालतात. त्यात ऑक्झलेट असतं, ते कॅल्शियम बांधून ठेवतं. महिनोन्महिने तेच खाल्लं तर शरीर हाडांतलं कॅल्शियम काढतं, आणि शेवटी तोंडाची हाडं सुजून चेहरा फुगतो. गव्हाचा कोंडा जास्त घातला तरी हेच घडतं, कारण त्यात फॉस्फरस खूप आणि कॅल्शियम कमी. दोन्ही एकत्र म्हणजे दुष्काळात तेरावा महिना.

बांधावर कण्हेर, घाणेरी आणि एरंड असतील तर काढून टाका. तट्टाचं तोंड खाली असतं, त्याला जे सापडतं ते मोठ्याच्या नजरेतही येत नाही.

गुरांचं तयार पशुखाद्य किंवा कोंबड्यांचं खाद्य उरलंय. देऊ का?

नाही. काही खाद्यांत मोनेन्सिन मिसळलेलं असतं. गाईला आणि कोंबडीला ते पचतं, घोड्याचं हृदय त्याने निकामी होतं, आणि तेही अगदी थोड्या मात्रेत. मोकळं सोडलेलं छोटं तट्टू गोठ्यात शिरून पोत्यात तोंड घालतं, तेव्हा पोती कडीबंद खोलीत ठेवा.

जंताचं औषध सगळ्यांना एकच?

औषध एक, मात्रा वजनाप्रमाणे. पेस्टच्या नळीवरची कडी फिरवून किलो लावायचे असतात. अख्खी नळी मोठ्या घोड्याची असते. १४८ किलोंच्या तट्टाला ती पिळली तर तिपटीहून जास्त डोस गेला. काही औषधांत ते खपून जातं, मोक्सिडेक्टिनमध्ये नाही. उलट ‘तट्टूच तर आहे’ म्हणून थेंबभर दिलं की जंत मरत नाहीत, फक्त औषधाला सरावतात. आधी लिदीची तपासणी करून अंडी मोजून घ्या. आमच्याकडे सात जनावरांत दरवेळी दोनच जोरदार बाधित निघतात.

तट्टू आंडील आहे. माद्यांजवळ पोहोचणार तर नाही ना?

पोहोचेल. चढ, बांध, खड्डा, बसलेली घोडी, त्याला काहीही पुरतं. खच्ची करून घ्या. आणि त्यानंतरही निदान सहा आठवडे माद्यांपासून लांब ठेवा, गर्भ राहू शकतो.

छोट्या नराचं मोठ्या घोडीला राहिलं तर शिंगरू आईच्या पोटाच्या मापानेच वाढतं. केंब्रिजमध्ये वॉल्टन आणि हॅमंड यांनी हे शायर या अवाढव्य घोड्यांच्या जातीचा आणि शेटलँडचा दोन्हीकडून संकर करून पाहिलं होतं आणि १९३८ मध्ये प्रसिद्ध केलं. शायर आईची शिंगरं जन्मताना शेटलँड आईच्या शिंगरांच्या सुमारे तिप्पट वजनाची. त्यावरून कुणी निष्कर्ष काढेल की छोट्या घोडीला मोठा घोडा लावला तरी धोका नाही. प्रत्यक्षात धोका घेऊ नये. छोट्या तट्टांची विण्यात अडचण येते ती जातीतल्या जातीतही, आणि मोठ्या घोड्याचं वजन पाठीवर येणं हाच एक अपघात आहे.

मोठ्या घोडीचं शिंगरू तट्टाबरोबर चालेल?

वर्षाचं होईपर्यंत छान. नंतर ते दीडपट उंच होतं, पण खेळ तोच ठेवतं, पुढचे पाय पाठीवर टाकायचा. तट्टाची पाठ त्यासाठी नाही. दीड-दोन वर्षांच्या उनाड पोरांना वेगळं ठेवा.

मुलं तट्टाला आणायला कळपात जातात. ठीक आहे ना?

माझा सगळ्यात कडक नियम इथे आहे. एकट्या मुलाने कळपात जायचं नाही. तट्टू मुलाच्या मापाचं आहे, त्याच्याभोवतीचे बाकीचे नाहीत. मुलगी खिशात गाजर घेऊन चंपापाशी जाते, वास मेजरला येतो, त्याच्या मागोमाग मारवाडी येते, आणि क्षणात मूल चार पुठ्ठ्यांच्या मधे. घोड्यांचं भांडण एकमेकांशी असतं, मूल फक्त वाटेत असतं. मोठ्या माणसाने तट्टू बाहेर आणायचं, फाटक लावायचं, मग मुलाच्या हातात दोर द्यायचा. गाजर फाटकाबाहेर.

मोठा घोडा फेरफटक्याला नेला की तट्टू ओरडून जीव घेतं.

तिसरं जनावर मागे ठेवा, एवढंच. दोनच जनावरं असली की हा त्रास कायमचा. मेजरला नेलं की चंपा कुंपणापाशी दहा मिनिटं हाका मारते, मग काठेवाडीच्या सावलीत जाऊन उभी राहते.

पाण्याचं काय?

हौदाची कड जमिनीपासून दीड फुटाच्या वर नको, नाहीतर पाणी खाली गेलं की तट्टाचं तोंड पोहोचत नाही आणि तुम्हाला ते कळतही नाही. आम्हाला उन्हाळ्यात कळलं. हौद अर्धा भरलेला, सगळे पाणी पिऊन गेलेले, आणि चंपा कडेवर हनुवटी टेकून उभी. आता शेजारी एक घमेलं असतं. मेजर त्यातच पाणी पितो.

कधी समजायचं की हे जमणार नाही?

महिना झाला तरी तट्टू चरताना दर मिनिटाला मान वर करत असेल, आडवं पडून झोपतच नसेल, अंगावर रोज नवा चावा दिसत असेल, तर जमत नाहीये. कधीकधी दोष एकाच घोड्याचा असतो, तो काढला की कळप शांत होतो. आमच्याकडे एक आठवं जनावर होतं, देखणा पंचकल्याण घोडा. मोठ्यांत गोगलगाय, पण चंपा दिसली की दात विचकून मागे. आम्ही कोपरे गोल केले, ढीग वाढवले, दोन महिने थांबलो. शेवटी त्याला एका ओळखीच्यांकडे दिलं, तिथे सगळे त्याच्याच मापाचे आहेत.